पाचही रायफलींवरचं कुंकू

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी भांडताना आईच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. म्हणून आज भांडते. मी सिंगापूरला असते. इथल्या वन-नॉर्थ भागात एका कंपनीत कॉम्प्युटरवर खेळायचे गेम बनतात आणि त्या गेममधली हत्यारं मी बनवते. हो, हत्यारं. तुम्ही जन्मभर रायफलींच्या कारखान्यात तपासणीवर होतात आणि मला त्या कामाच्या वाऱ्यालाही उभं केलं नाहीत. आता माझ्यासमोर सकाळपासून संध्याकाळपर्यंत रायफलच असते. पडद्यावरची, बिनवजनाची, तेलाचा वास नसलेली. पण तिचा स्क्रू न् स्क्रू मी बसवलेला असतो. ‘हिला जमतं’ एवढेच शब्द मला तुमच्याकडून हवे होते. ते तुम्ही मरेपर्यंत दिले नाहीत. परवा ते एका परक्या माणसाकडून मिळाले, आणि त्यानंतर माझ्या तोंडून जे गेलं त्यामुळे माझं डोकं अजून तापलेलं आहे.

या वर्षी आमच्याकडे एका नव्या रशियन रायफलीचं अख्खं घराणं आलं. एके-१२ ही थोरली, तिची गोळी बारीक. एके-१५ म्हणजे तोच सांगाडा, पण जुन्या जाड गोळीचा. या दोघींच्या आखूड नळीच्या बहिणी वेगळ्या, त्यांच्या नावाला शेवटी ‘के’ लागतो. आणि एके-१९ परदेशी गिऱ्हाइकांसाठी, त्यांच्याकडे चालते ती गोळी घेणारी. वरवर बघणाऱ्याला पाचही सारख्याच. माझ्या हाताखालच्या पोरांनी तर एकच रायफल बनवून तिला पाच नावं देऊन टाकली होती. “सेम-सेम लाह, खेळणाऱ्याला काय कळतंय?” असं इथल्या इंग्रजीत वर मलाच ऐकवलं. मी त्यांना मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची पेटी, दाखवलं. जाड गोळीचं मॅगझिन जास्त वाकलेलं असतं, बारीक गोळीचं कमी. मग एकेक गोळी की सलग गोळीबार, हे ठरवणारा खटका दाखवला. एके-१२च्या आधीच्या रूपात त्या खटक्यावर एका दाबात दोन गोळ्या सोडायची सोय होती, पुढे सुधारलेल्या रूपात ती काढून टाकली. पोरांनी नव्या रायफलीला जुनाच खटका लावून ठेवलेला. सगळं उतरवायला लावलं. माझ्यामागे ते मला काय म्हणतात ते मला पक्कं ठाऊक आहे.

मॅगझिन का वाकतं हे मी कुठे शिकले, सांगू? आपल्या स्वयंपाकघरात. तुम्ही दादाला समोर बसवून शिकवताय. ताटातल्या वरणात बोटाने रेघा ओढताय. “काडतूस मागे जाड, पुढे निमुळतं. मग एकावर एक रचलं की काय होणार? रांग वाकणार.” दादा जांभई देतो. मी ओट्याशी पाठमोरी पोळ्या लाटतेय, आणि तव्यावरची पोळी करपतेय, कारण मला ती रांग डोळ्यांसमोर वाकताना दिसतेय. “अण्णा, मग काडतूस सरळ असेल तर मॅगझिनही सरळच ना?” मी न राहवून विचारते. तुम्ही उत्तर दिलंत, पण दादाकडे बघून. मला म्हणालात, “पोळी बघ.” अशी मी तुमची विद्या पाठमोरी शिकले अण्णा, कणकेच्या हातांनी. ज्याच्यासाठी तुम्ही घसा कोरडा केलात तो दादा आज मोटारींचा विमा विकतो. पाना कुठला आणि पक्कड कुठली, हे त्याला आजही विचारून बघा.

आणि ती खंडेनवमी. मी सहावी-सातवीत असेन. तुम्ही तुमची स्वतःची हत्यारं घरी आणलीत, व्हर्निअर, मायक्रोमीटर, लहानमोठ्या कानशी. पाट मांडला, त्यावर धुतलेलं पांढरं फडकं, झेंडूची फुलं. मोठा थाट. दादाने एकेका हत्याराला हळद-कुंकू लावलं, निम्मं फडक्यावर सांडलं, तरी तुम्ही कौतुकाने बघताय. मायक्रोमीटर तेवढा राहिला. मी पुढे झाले आणि अनामिकेने त्याला कुंकू लावलं, झालं एवढंच. तुम्ही आवाज चढवला नाहीत. उठलात, रॉकेलचा बोळा आणलात, मायक्रोमीटर नीट पुसलात, पुन्हा पाटावर ठेवलात आणि दादाला म्हणालात, “आता लाव.” माझ्याकडे न बघता पुढे म्हणालात, “बोटांच्या घामाने गंज चढतो.” आईने मला कोपराने आत ढकललं. मी आत जाऊन डाळीच्या डब्यांकडे बघत उभी राहिले. दादाच्या बोटांना काय अत्तर सुटत होतं का हो? घामाने गंज चढतो हे खरं आहे, मी नंतर वाचलं. ते खरं आहे म्हणूनच माझ्या जिवाला जास्त लागतं. तुम्ही खोटं बोलला असतात तर केव्हाच सोडून दिलं असतं.

दहावीनंतर टूल अँड डायच्या, म्हणजे हत्यारं आणि साचे घडवायच्या, डिप्लोमाला माझा नंबर लागला तेव्हा तुम्ही जेवताना म्हणालात, “मुलीच्या जातीला तेलकट हात शोभत नाहीत.” विषय संपला. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना रंगांची पेटी घेऊन आलात. चांगली, विलायती, खालच्या कप्प्यात ब्रश असलेली. शेजारपाजारचे म्हणाले, बाप बघा किती हौशी आहे. मला ती पेटी उचलून अंगणात भिरकावावीशी वाटली, पण रंग चांगले होते आणि मी लोभी होते. मग चित्रकलेचा कोर्स, मग ॲनिमेशन, मग ही नोकरी, हा देश. एवढा वळसा घालून मी पुन्हा रायफलीपाशीच येऊन उभी राहिले. तुम्ही माझी वाट अडवलीत म्हणजे नक्की काय मिळवलंत?

यंदा खंडेनवमीला मी सकाळी बेडोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये पाट मांडला. इथे सुट्टी नसते, त्यामुळे सगळी घाई. लॅपटॉप, मिक्सर, नवऱ्याचा ड्रिल, मुलीची कात्री. कुंकू मुलीनेच लावलं, सगळ्याला. “आई, राइस कुकर ऑल्सो वेपन मेह?” म्हणाली. मी म्हटलं, लाव त्यालाही. तिच्या हातामागून कुणी बोळा घेऊन आलं नाही. ऑफिसात पोचले तरी ते डोळ्यांपुढून जाईना. समोर पडद्यावर एके-१५ उघडी होती. मनात आलं, माझं हत्यार तर हे. जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली हॉकर सेंटरच्या खाण्याच्या गाळ्यांवर गेले तेव्हा मी तिच्या अंगावर, खटक्याच्या वर, कुंकवाचं बोट रंगवलं. हळदही. चांगलं निगुतीने, बोटाच्या रेषा दिसतील असं. आमच्याकडे रंगकामाचे थर असतात, हवा तेव्हा एखादा थर दाखवायचा, नको तेव्हा झाकायचा. संध्याकाळी झाकून टाकीन म्हटलं, आणि गडबडीत राहिलं. या पाचही जणींचं अंग एकाच रंगकामातून बेतलेलं. त्यामुळे कुंकू लागलं ते पाचही जणींना.

परवा हे काम तपासायला कंपनीने एक म्हातारा बोलावला. चिनी, इथलाच, सैन्याची हत्यारं दुरुस्त करण्यात त्याची हयात गेलेली. त्याने नाही म्हटलं असतं तर सगळं घराणं दुसऱ्या टीमकडे गेलं असतं आणि मी पुन्हा खोकी आणि पिंपं रंगवायला लागले असते. तो पडद्याला नाक लावून बघतो, रायफल फिरवायला लावतो, नळी बघतो, मॅगझिन बघतो, हं हं करतो. अचानक माझा साहेब पुढे झुकला. “हे लाल काय आहे? ब्लड, इज इट?” दुसरी उघडली, तिच्यावरही. तिसरीवरही. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. मी सांगितलं की आमच्यात वर्षातून एकदा हत्यारांची पूजा करतात, कुंकू लावतात, माझ्याकडून झाकायचं राहिलं. साहेबाच्या कपाळावर आठ्या. “हे गेममध्ये जाऊ शकत नाही.” मी म्हटलं, माहीत आहे, आणि तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, तो थर झाकून टाकला. पाचही कपाळं एका क्लिकसरशी पांढरी झाली.

म्हाताऱ्याने मात्र लालकडे लक्षच दिलं नाही. तो अजून खटक्याकडे बघत होता. जुना कुठला, नवा कुठला, बोटाने दाखवत गेला. मग खुर्चीत मागे रेलला आणि साहेबाला म्हणाला, “कॅन. शी कॅन.” हिला जमतं, एवढंच. मी इतकी वर्षं ज्यासाठी तुमच्या तोंडाकडे बघत होते ते असं, दोन शब्दांत, चहाचा घोट घेता घेता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “कोणी शिकवलं तुला?”

कुणी नाही, असं म्हणायचं होतं अण्णा. चोरून शिकले, पोळ्या लाटताना, असं म्हणायचं होतं. माझे सगळे शब्द तयार होते, वर्षानुवर्षं घोटलेले. आणि मी म्हणाले, “माय फादर.” विचार न करता, लगेच. म्हातारा खूश होऊन म्हणाला, “गुड फादर,” आणि मी मान डोलावली. दोन दिवस झाले, मी स्वतःवर दात-ओठ खातेय. जे तुम्ही मला दिलंच नाहीत त्याचं सगळं श्रेय चार माणसांत तुमच्या पदरात टाकून आले, फुकट. तुम्हाला माफ मुळीच केलेलं नाही, हे ध्यानात ठेवा. हे लिहिलेलं मी दादालाही दाखवणार नाही, आईलाही नाही. कारण मला कुणालाच कळू द्यायचं नाहीये की ‘माय फादर’ म्हणताना मला फार बरं वाटलं.