चोरलेला हिरवा रंग

आक्का,
लांबनंच पाया पडतो. मी बरा हाय, येळंवर जेवतोय. आण्णांचा गुडघा कसा हाय?

इथं गोव्यात लॅबमधी समुद्रातले एका पेशीचे जीव सांभाळतो न्हवं, ते शेवाळ खात्यात, पण त्यातला हिरवा भाग पचवत न्हाईत. तो अंगात ठेवून उजेडावर जगत्यात. परवा ते फिके पडले. तू मलूल मिरचीचं रोप उन्हात सरकवतीस, तशी मी त्यांची बशी खिडकीत ठेवली. उन्हानं तो चोरलेला हिरवा भाग जळाला. नवा करायला त्यास्नी येत न्हाई. सगळे मेले.

लॅबच्या मॅडम वरडल्या न्हाईत. "घरी जाऊन ये," म्हणल्या. म्हणजे माझं इथलं काम संपलंच की.

आण्णांना सुट्टी म्हणून सांग. माझ्या खोलीत पेंडीची पोती भरली असशील तर काढू नको, मी बाहेरच्या सोप्यात झोपीन.

तुझा,
आदर्श