उंबरठा वर गेला तेव्हा

३ जून
नोटीस लागली. पीएच.डी. नसेल तर पुढच्या वर्षापासून तास मिळणार नाहीत. तासांवर संख्याशास्त्र शिकवते त्याला तेरा वर्षं झाली! आले तेव्हा एम.एस्सी. पुरत होतं. मग पात्रता परीक्षा आली – तिसऱ्या खेपेला पास झाले, तेव्हा लेक मांडीवर होती. आता हे. आपण पायरी चढलो, की हे उंबरठा वर नेतात.

४ जून
विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, तुमच्याशिवाय विभागाचं पान हलत नाही. पण नियम तो नियम." ते स्वतः नुसते एम.एस्सी.!

१९ जून
पीएच.डी.ला मार्गदर्शक म्हणून एकच नाव शिल्लक होतं – पेन्सिल, माझी जुनी विद्यार्थिनी! काटकुळी म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. दुसऱ्या वर्षाला मीच तिला नापास केलं होतं. आत गेले तर ती उठून उभी राहिली. मीही उभीच. खुर्च्या दोन, बसेना कुणीच.

२० ऑगस्ट
पहिलं प्रकरण परत आलं. लालेलाल. "मॅडम, हे पाठ्यपुस्तक झालं. तुमचं म्हणणं काय?" कालची पोरगी! घरी आल्यावर दोन कपाटं आवरली, तरी हात थांबेनात.

२१ ऑगस्ट
म्हणणं काहीच नाही माझं. तेच तर झोंबलं.

६ नोव्हेंबर
विषय बदलला. पहिल्या वर्षाची मुलं मधूनच गळतात, त्यांच्यावर. तेरा वर्षांचे हजेरीपट आणून घरभर पसरले. हे म्हणाले, "अगं, घरात माणसं राहतात, विसरलीस का?"

१४ जानेवारी
निम्म्याहून जास्त मुलं पहिल्या परीक्षेच्या आधीच गेलेली! मी मात्र स्टाफरूममध्ये छातीठोकपणे सांगत आले – विषय झेपत नाही म्हणून जातात. झेपतो की नाही हे कळण्याआधीच गेली ती. माझ्या समोरून. पेन्सिलने आकडे दोनदा तपासले. मग म्हणाली, "त्यांना शोधा. विचारा."

२ मार्च
सातजण सापडले. एकजण विजेची कामं करतो. म्हणाला, "तीन आठवडे आलो नाही. कुणी विचारलंच नाही. मग यायची लाज वाटली." अजून एकशे बारा जण शोधायचे आहेत.

९ मार्च
नवी नोटीस. पीएच.डी.ची अट पाच वर्षं पुढे ढकलली. विभागप्रमुख जिन्यातच भेटले – "सुटलात, मॅडम! आता कशाला तो उपद्व्याप?"

१० मार्च
पुढच्या वर्षाचे तास घेणार नाही, असं पत्र देऊन आले. एकशे बारा जण बाकी आहेत.