धीर नेमका कोणी कोणाला द्यायचा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कागदावरच वाकलोय, प्रत्यक्षात कंबर अजून ऐकत नाही.) तुझी साखर आटोक्यात असेल आणि भावजी टीव्हीचा आवाज जरा कमी ठेवत असतील, असं धरून चालतो. तुझं पत्र पोचलं. त्यातली धमकीही पोचली. ही गेल्यापासून मी कोणापाशी तिचं नावसुद्धा काढत नाही, मन मोकळं केलं नाही तर तू बॅग भरून माझ्याकडे मुक्कामाला येणार म्हणे. ती वेळ येऊ नये म्हणून मी काय काय सोसलं ते सविस्तर लिहितो. सावकाश वाच.

तुझ्या लेकीने मला त्या मंडळात नेऊन सोडलं. घरातलं माणूस गेलेल्यांना धीर देणारं मंडळ. वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरतं. गोल मांडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, जागोजागी कागदी रुमालांचे खोके, आणि थर्मासमधला चहा. (चवीवरून तोही कोणाच्या तरी दुःखात सहभागी असावा.) दारातच तिथल्या चालक बाई भेटल्या. इतक्या हळू बोलतात की मी त्यांना मनातल्या मनात मऊबाई म्हणतो. त्यांनी विचारलं, कशासाठी येणं केलंत. आता तूच सांग, जन्मभर चष्म्याचं दुकान चालवलेला माणूस, अनोळखी बाईपुढे उभं राहून 'माझी बायको गेली हो' असं सांगेल का? मी ताठ मानेने म्हटलं, मदत करायला आलोय. मऊबाईंनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि मला स्वयंसेवकांत बसवलं.

मग प्रशिक्षण. ताई, धीर देणं एवढं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. 'होईल सगळं ठीक' म्हणायचं नाही. 'मी समजू शकतो' तर अजिबात नाही. सल्ला द्यायचा नाही, घड्याळाकडे बघायचं नाही. समोरचा आपणहून बोलेपर्यंत गप्प बसायचं, आणि मान किंचित कलती ठेवायची, म्हणजे त्याला आपलं लक्ष आहे असं वाटतं. (भावजी हे सगळं पहिल्यापासून करत आलेत, फक्त त्यांना कोणी प्रमाणपत्र दिलं नाही.)

माझ्या वाट्याला एक निवृत्त लिफ्ट-तपासनीस आले. दर गुरुवारी त्यांच्या घरी जायचं ठरलं. घरातही टाय लावून बसतात, म्हणून मी त्यांना टायवाले म्हणतो. पहिल्या दिवशी त्यांनी दार उघडलं, मला खुर्ची दिली, आणि समोर बसून गप्प. मीही गप्प. माझी मान उजवीकडे, त्यांची डावीकडे. मला वाटलं, बिचाऱ्याची मान दुःखानेच कलली असेल. मी रुमालांचा खोका हळूच त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तितक्याच हळुवारपणे तो माझ्याकडे सरकवला. चहा झाला, बिस्किटं झाली, चकार शब्द नाही. पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्या गुरुवारी तेच, फक्त बिस्किटं बदलली. दोघंही एकमेकांकडे असे कनवाळूपणे बघत होतो की माझे गाल दुखायला लागले. मानेला तर कायमचा बाक आला, डॉक्टरांनी पट्टा दिलाय. एवढा हट्टी दुःखी माणूस मी आयुष्यात पाहिला नाही.

शेवटी गेल्या गुरुवारी माझा संयम सुटला. गिऱ्हाईक बुजरं असलं की मी आधी स्वतःच्या नाकावर फ्रेम चढवून दाखवतो, मग त्याची भीड चेपते. म्हटलं इथेही तसंच करू. निव्वळ नमुन्यादाखल मी हिच्याबद्दल बोलायला लागलो. गिऱ्हाइकाला चष्मा शोभत नसेल तर ही तोंडावर सांगायची आणि वर समोरच्या दुकानात पाठवायची, ते सांगितलं. हसताना काउंटर घट्ट धरायची, ते सांगितलं. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात खाटेवरून ती डॉक्टरांना म्हणाली होती, तुमच्या चष्म्याची डावी काडी सैल झालीये, आमच्या दुकानात येऊन घट्ट करून घ्या. ती गेल्यावर ते खरंच आले. मी हातात पेचकस घेतला आणि मला स्क्रू दिसेना, ताई. डोळ्यांतून पाणी थांबेना. डॉक्टर तसेच सैल चष्मा घालून गेले. हेही मी त्या टायवाल्यांना सांगून बसलो. मला फार वाईट वाटत होतं आणि बोलणं काही थांबत नव्हतं.

सगळं ऐकून टायवाले अगदी हळू म्हणाले, "थोडं मोकळं वाटलं का?"

हे वाक्य शब्दशः प्रशिक्षणातलं. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "अहो, हे मी तुम्हाला विचारायचं. स्वयंसेवक मी आहे."

"मीही स्वयंसेवकच आहे," ते म्हणाले. मग टायची गाठ सैल करत म्हणाले, "माझी बायको गेल्या थंडीत गेली. मी तिथे मदत करायला गेलो होतो."

मी तडक वाचनालयात जाऊन मऊबाईंना फैलावर घेतलं, की हा काय घोळ घातलाय तुम्ही. त्या कपबशा विसळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घोळ नाही हो. नवरे सगळे मदत करायलाच येतात. त्यांच्या आम्ही जोड्या लावतो."

याला म्हणतात दिवसाढवळ्या फसवणूक. तेव्हा माझं मन मोकळं झालंय, तेही माझ्या परवानगीशिवाय. तू येण्याची काही एक गरज उरलेली नाही. भावजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझ्या लेकीला यातलं काही सांगू नकोस. ती मऊबाईंना आतून सामील असावी असा मला दाट संशय आहे.

आणखी ता. क. या गुरुवारीही मी टायवाल्यांकडे जाणार आहे. आता बोलण्याची पाळी त्यांची आहे.

शेवटचा ता. क. माणूस भला आहे, मन लावून ऐकतो. पण ताई, तो हिला ओळखत नव्हता. ती कशी होती, कशी हसायची, सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं. तुला सांगावं लागणार नाही. तू ये.