तिसऱ्या हाकेला

दिनांक ६ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

सप्रेम नमस्कार. मी ठीक आहे. 'तुम्हीही ठीक असाल' असं पुढे लिहायची रीत आहे, पण काल तुमच्या पलटणीतले ट्रकवाले भेटून गेले, त्यामुळे ती रीत आज बाजूला ठेवते. तुम्ही बंद पडलेल्या कारखान्याची राखण करता, म्हणजे जे कुणी फुकट दिलं तरी नेणार नाही ते सांभाळता, असं कळलं. पाठ भिंतीला लावून उभ्या-उभ्या जेवता, हेही कळलं. आणि चहा दोन कप ओतता. एक पिता, दुसरा गार होऊ देता. ट्रकवाले म्हणाले, "वहिनी, मला वाटलं दुसरा माझा. हात पुढे केला, तर गड्याने असं बघितलं की मी त्या कपाचीच माफी मागितली."

हे पत्र त्यांच्याच हाती देतेय. टपालाने आलेलं तुम्ही उघडत नाही, हा माझा दोन वर्षांचा अनुभव आहे.

बातमी अशी की मला नोकरी लागली. हसा खुशाल. आपल्याकडे माजी सैनिकांसाठी दवाखाना उघडला आहे आणि मी तिथे काउंटरवर बसते. सैनिकाची बायको म्हणून घेतलं. इतकी वर्षं ती नोकरी बिनपगारी केली होती. उद्घाटनाला भाषणं झाली. 'आता उपचार तुमच्या दारात', 'आता शहराच्या इस्पितळासाठी दिवसभर बसमध्ये बसायला नको', वगैरे. मी मागे उभी राहून टाळ्या वाजवल्या. हे आधी झालं असतं तर... असो.

दवाखाना मूळच्या फर्निचरच्या दुकानात आहे. पुढची भिंत अख्खी काचेची. इंजिनियरने खुर्च्या काचेला पाठ करून रांगेत मांडल्या. सगळी माणसं आली आणि मागच्या भिंतीला चिकटून उभी राहिली. गुडघे दुखणारी, कंबर गेलेली, एक तर कुबड्यांवरचा, पण बसेना कुणी. आमच्या साहेबांनी वर कळवलं, 'लाभार्थी अत्यंत शिस्तप्रिय असून आसनव्यवस्थेची गरज दिसत नाही.' अर्ध्या खुर्च्या उचलून नेल्या. मग एका दुपारी मी उरलेल्या खुर्च्या भिंतीला टेकवल्या, तोंडं दाराकडे केली आणि खळ करून काचेवर जुनी वर्तमानपत्रं चिकटवली. दुसऱ्या दिवशी सगळे बसले. साहेब म्हणाले, "बघा, सवय लागते हळूहळू." मी म्हटलं, "हो ना, खुर्च्यांना लागली."

नावं पुकारायला एक यंत्र आहे. आतून बाईचा आवाज येतो. अगदी शांत, जणू तिला कधी काही दुखलंच नाही. ती नाव तीनदा पुकारते. माणूस उठला की मी बटण दाबायचं, मग ती पुढे सरकते. शहरातल्या इस्पितळातली सगळी नावं या यंत्रात ओतली आहेत. गहू न निवडता दळायला टाकावेत, तशी.

पहिल्याच मंगळवारी तिने तुमच्या दादांचं नाव पुकारलं.

मला बटण दाबता येईना. तिने परत पुकारलं. ते आता नाहीत, हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा कोपऱ्यातून बिगुल म्हणाले, "हजर."

तुम्हाला बिगुल आठवत असतीलच, पलटणीत बिगुल वाजवायचे ते. आता अर्धा कान गेलाय, त्यामुळे सगळ्यांशी परेड मैदानावर असल्यासारखे बोलतात. नंतर काउंटरपाशी येऊन खालच्या मानेने म्हणाले, "वहिनी, रागावू नका. तोंडातून गेलं. रांगेत तिसऱ्या हाकेला गडी गप्प राहिला तर शेजारच्याने हजर म्हणायचं, आमची जुनी खोड. नाहीतर त्याला शिक्षा व्हायची."

ते नाव यंत्रातून निघत नाही म्हणे. यंत्रच तसं आहे.

तुमच्या मांडीतल्या तोफगोळ्याच्या तुकड्याचं काय? थंडीत सरकतो म्हणे. इथे डॉक्टर आहेत. कळवते आहे, आग्रह नाही.

तुमची,
वहिनी

~

दिनांक २७ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

सप्रेम नमस्कार. पत्र पोचलं आणि तुम्ही ते खिशात ठेवलं, एवढं ट्रकवाल्यांनी सांगितलं. चुलीत गेलं नाही, हेच उत्तर समजते.

मागे लिहिलं ते 'हजर' प्रकरण पुढे गेलं आहे. मंगळवारी इथे मनाची डॉक्टर येते. स्कूटरवर येते, वयाने आपल्या घरातली धाकटी शोभेल. पहिल्या मंगळवारी तिच्या खोलीत कुणी फिरकलं नाही. या सगळ्यांना निवृत्तीनंतर काम कसलं, तर राखणदारीचं. बँक, गोदाम, नाहीतर तुमच्यासारखा भुताचा कारखाना. तिथे तब्येतीचा दाखला लागतो. नावापुढे मनाचा आजार लागला की बंदूक गेली, बंदुकीमागून नोकरी गेली. त्यामुळे सगळ्यांचे फक्त गुडघे दुखतात. माणूस आठवडाभर डोळा मिटत नाही आणि मलम घेऊन घरी जातो.

तर पुढच्या मंगळवारी दादांचं नाव पुकारलं, बिगुल हजर म्हणाले, आणि या वेळी उठून सरळ तिच्या खोलीत गेले. तिने विचारलं, "तुम्हीच का हे?"

"नाही. पण त्याचं मला माहीत आहे."

ती बाई चांगली हुशार. म्हणाली, "मग त्यांचं सांगा."

"त्याला झोप येत नाही," बिगुल म्हणाले. बोलले ते नेहमीच्या आवाजात, म्हणजे रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. "त्याला पहाटे बिगुल ऐकू येतो. वाजवणारा तोच. आणि समोर रांगेत कुणीच नसतं."

तेव्हापासून दर मंगळवारी हेच चालतं. तिसऱ्या हाकेला कुणीतरी हजर म्हणतो आणि तुमच्या दादांच्या नावाने आत जातो. आपापसात पाळी ठरवतात. परवा दोघांचं वाजलं. "गेल्या खेपेला तूच मेला होतास, आज मी!" मला हसू आवरेना, आणि मग आवरलं.

दार बंद केलेलं यांना चालत नाही. अर्धं उघडं लागतं. त्यामुळे मला काउंटरवर सगळं ऐकू येतं. मेलेल्या माणसाची तब्येत दर आठवड्याला ढासळते आहे, भाऊजी. त्याला प्रेशर कुकरची शिट्टी सोसत नाही. त्याने नातवाला अंगावरून ढकललं. तो गर्दीत गेला की आधी बाहेरचा रस्ता शोधतो. मी स्वतःला बजावते, हे ह्यांचं नव्हे, ज्याचं त्याचं आहे.

पण परवा ट्रकवाले आत गेले. मग म्हणाले, "तो घरी असला की बायको भांडी हळू ठेवते. ताटाखाली फडकं घालते, आवाज नको म्हणून. तिला वाटतं त्याला कळत नाही. त्याला कळतं. एकदा तरी तिने ताट आपटावं, भांडावं, असं त्याला वाटतं. आपल्याच घरात आपण आजारी पाहुणा झालो, म्हणतो."

भाऊजी, ताटाखाली फडकं मी घालायची. ट्रकवाल्यांच्या घरी मी कधी गेले नाही. त्यांची बायकोही घालत असेल. असेलच. मी विचारलं नाही.

संध्याकाळी घरी येऊन मी एक ताट जमिनीवर आपटलं. फिरत फिरत बराच वेळ वाजत राहिलं. मग थांबलं. ते असं थांबलं, भाऊजी, जसं कुणीतरी वर पाय ठेवून थांबवावं. मी वळून पाहिलं नाही.

डॉक्टर म्हणते, तुमच्या दिरांना घेऊन या. मी म्हटलं, त्यांना आणायला पलटण लागेल.

तुमची,
वहिनी

~

दिनांक १९ मार्च

प्रिय भाऊजी,

नमस्कार. आज गमतीच्या गोष्टीने सुरुवात करते, म्हणजे पुढचं लिहायला हात धजेल.

तुमच्या दादांना मान मिळतोय. सगळ्या दवाखान्यांत मिळून सर्वांत नियमित येणारा लाभार्थी म्हणून वरच्या कचेरीने त्यांची निवड केली आहे. एकही मंगळवार चुकवला नाही! साहेब आनंदाने लाल झाले होते. म्हणाले, "अशी माणसं हवीत. पुढच्या महिन्यात फोटो काढायला येणार आहेत. त्यांना जरा दाढी करून यायला सांगा."

मी म्हटलं, "साहेब, ते वारले."

"अरेरे! कधी?"

"दवाखाना उघडायच्या आधी."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. हे गृहस्थ इतके दिवस मला लाकडाचे वाटायचे. हळूच विचारलं, "मग मंगळवारी येतं कोण?"

सगळे येतात, असं मी सांगितलं आणि बाकीचंही सांगितलं. ते खूप वेळ काचेवरची वर्तमानपत्रं वाचत उभे राहिले. मग म्हणाले, "त्यांचं नाव काढावं लागेल. आणि हे कुणाला कळलं तर दवाखानाच बंद होईल. फोटोवाल्यांना मी बघतो. नाव तुम्ही काढा."

भाऊजी, यंत्रातून नाव निघत नाही असं मी तुम्हाला लिहिलं होतं. निघतं. पहिल्या दिवसापासून निघत होतं. जवळच्या नातेवाइकाने 'हयात नाही' एवढं सांगायचं आणि काउंटरवरच्या माणसाने एक बटण दाबायचं. नातेवाईक मी, काउंटरवर मी. मला माझ्याशीच एक शब्द बोलायचा होता, तो निघाला नाही. ती यंत्रातली बाई त्यांचं नाव फार नीट घेते. घरात ते नाव घेणारं आता कुणी नाही.

गेल्या मंगळवारी बसवाल्यांचा संप होता. दवाखान्यात चिटपाखरू नव्हतं. डॉक्टर तेवढी स्कूटरवरून आली. वेळ झाली आणि पुकारा झाला. एकदा. दोनदा. रिकाम्या खुर्च्या भिंतीला टेकून दाराकडे बघत बसल्या होत्या. तिसऱ्यांदा पुकारलं, आणि "हजर" ऐकू आलं.

आवाज माझाच असणार. दुसरं कुणी नव्हतंच. पण मी म्हणायच्या आधी मला ऐकू आला, एवढंच खरं लिहिते.

मी आत जाऊन बसले. दार अर्धं उघडं ठेवलं. डॉक्टर म्हणाली, "त्यांचं सांगा." मी जन्मभर बोलतच आले आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही दोघं भाऊ माझ्या जिभेला घाबरून अंगणात जाऊन बसायचात. पण तिथे मला 'त्यांना', 'त्यांचं' असं म्हणताच येईना. तोंडातून निघालं ते असं:

"मी बसमधून उतरलो. मधल्या थांब्यावर. माझ्या मागे माणसं उभी होती, मला पाठ टेकायला जागा नव्हती. धाकटा चहा आणायला गेला होता. त्याला सांगून उतरलो असतो तर त्याने सोडलं नसतं. म्हणून तो लांब जाईपर्यंत थांबलो. तो हाका मारत होता, त्या मला ऐकू येत होत्या. कालव्यापर्यंत येत होत्या. त्याची काही चूक नाही. त्याला सांगा, तो चहा पिऊन टाक."

हे मला कुणी सांगितलेलं नाही. तुम्हीही नाही. तुम्ही त्या संध्याकाळी दारात उभे होतात, दोन्ही हात भाजलेले, आणि एवढंच म्हणालात, "वहिनी, मी हाका मारल्या." ते कालव्यात सापडले हे झाकून आपण सगळ्यांना सांगितलं की बसमध्ये छातीत कळ आली. तुम्ही मान डोलावलीत आणि मग आला नाहीत. मी तेव्हा काही बोलले नाही. तुम्हाला वाटलं असेल, हिने मला दोष दिला. नाही दिला. तुमच्याकडे बघितलं की ते दोन कप दिसायचे, म्हणून बघवत नव्हतं.

ते बोलणं त्यांचं होतं की माझं, मला ठरवायचं नाही. डॉक्टरनेही विचारलं नाही. ती म्हणाली, "हा निरोप पोचवाल ना?"

पोचवला.

आता ऐका. येत्या मंगळवारी त्यांचं नाव शेवटचं पुकारलं जाईल. सगळे येणार आहेत. मी सांगितलंय, त्या दिवशी कुणीही हजर म्हणायचं नाही. बिगुलांना तर दोनदा सांगितलं, एकदा चांगल्या कानात. तीन हाका होतील, तिसरी संपेल, आणि मी बटण दाबेन. दाबवेल मला. ताट आपटून सराव केलाय.

त्याच वेळेला, त्याच जागी, पुढचं नाव तुमचं घातलं आहे. तुमच्या स्वतःच्या नावाने. राखणदारीचं काय, म्हणाल, तर साहेब स्वतः म्हणाले की दाखल्यावर इथल्या मलमापलीकडचं काही जाणार नाही. लाकडालाही पालवी फुटते कधीकधी. बाकीच्यांना ते हेच सांगणार आहेत, पण आधी कुणीतरी एक आत जायला हवा. ट्रकवाले तुमच्या फाटकाशी थांबतील. पुढची सीट तुमची, पाठीमागे पत्रा आहे, माणूस नाही. वाटेत तो थांबा लागेल. तिथे ते गाडी थांबवणार नाहीत. तुम्हाला थांबवावी वाटली तर थांबवतील.

ती बाई तुम्हालाही तीनदा पुकारेल. शेजारी बिगुल असतील, काउंटरवर मी असेन, आणि अजूनही कुणी असेल तर असेल. पण तिसऱ्या हाकेलाही तुमच्या वतीने आमच्यातलं कुणी तोंड उघडणार नाही. या घरात दुसऱ्याच्या नावाने हजर म्हणणं आता पुरे झालं.

तुमच्या हाका ज्याला ऐकू येत होत्या, त्याच्या वतीने,
तुम्हाला पुकारणारी,
वहिनी