पाताळातून आणलेली ऊब

स्मोलंड, ऑक्टोबर

चि. सिग्ने हिला थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद.

तुझा गुडघा काय म्हणतो? माझे दोन्ही अजून सोबत आहेत, पण माझं ऐकत नाहीत. (चुका पोटात घाल. शाळा मी चारच वर्षं पाहिली, तीही खिडकीतून बाहेर बघत.)

तुझा तेलाचा बंब फुटला, थंडी दारात आली, आणि बोअरवाला यर्कर शनिवारपर्यंत होय की नाही सांगा म्हणतो. म्हणून तू विचारतेस, जमिनीतून ऊब काढायचं यंत्र घ्यावं का? मी दमलेय गं, तरी सांगते.

गेल्या साली आमच्या रागनारने हट्टच धरला, "आई, लाकडं वाहणं बंद, नाहीतर वृद्धाश्रम." मग हाच यर्कर आला. अंगणात बोअर मारलं, पाण्यासाठी नव्हे, ऊब काढायला! (हे यंत्र म्हणजे उलटा चालणारा फ्रिज म्हणे. माझा सुलटाही धड चालत नाही.) खडक फोडता फोडता राखाडी चिखल असा उसळला की शेजारच्या एवर्टच्या वाळत घातलेल्या चादरी भरल्या. तो कुंपणावरून ओरडला, "अगं गुनबोर्ग, पाताळातनं कोणी वर आलं तर माझ्याकडे पाठवू नकोस, मी एकटाच बरा!" आणि लगेच कॉफीला आत येऊन बसला. यर्करची माणसं आठवडाभर माझी कॉफी पीत होती. सात प्रकारची बिस्किटं केली. (कॉफीसोबत सात ही आपली रीतच, सहाच प्रकार केले असते तर गावात तोंड दाखवायला जागा नव्हती.) कंबर तेव्हा गेली, ती अजून परत आलेली नाही.

पण सिग्ने, पहाटे उठले तर जमीन कोमट! ब्याऐंशी वर्षांत पहिल्यांदा मोज्यांशिवाय संडासला गेले, आणि वाटेत एकटीच हसले. मांजर मात्र चुलीजवळची जागा शोधत घरभर फिरतं, कारण ऊब सगळीकडे सारखीच. वादळात वीज गेली तेव्हा यंत्र मुकं झालं. शेवटी जुनी चूलच कामाला आली. तुझी चूल मोडू देऊ नकोस. रागनार म्हणतो, खर्च बारा वर्षांत वसूल होतो. म्हणजे मला चौऱ्याण्णवपर्यंत जगणं आलं. या वयात एवढं काम!

आणि तुझं घर? खिडक्या एकपदरी, छतातून चांदणं दिसतं. घर चाळणी असेल तर यंत्र बिचारं काय करणार? ते तलाव तापवल्यासारखं होईल. आधी भेगा बुजव, मग बघ. बाकी मी कोण सांगणार, घर तुझं, मर्जी तुझी.

तुझी,
गुनबोर्ग

ता. क. वरची खोली पूर्वी थंडीभर बंद ठेवायचो. आता तीही ऊबदार असते, आणि आत कुणी नाही. रिकामी खोली तापवताना मला चोरी केल्यासारखं वाटतं. तुझी उशी घेऊन ये. दोन म्हाताऱ्यांना एक बोअर पुरतं.

ता. क. दुसरा : यर्करला मी परवाच फोन करून सांगितलं की तू नको म्हणालीस. रागावली असशील तर इथे येऊन रागाव.