ऐनाच्या सालीत रंगवलेला डगला

अण्णा,

गेल्या आठवड्यात चार तरुण पोरं-पोरी घरी आली होती. किल्ल्यावर जुन्या लढाया करून दाखवतात म्हणे. शिवकाळातला, तलवारीचा वार अडवणारा अस्सल डगला कसा शिवायचा ते त्यांना हवं होतं, आणि मालवणात कुणीतरी सांगितलं की मास्तरांच्या मुलीला विचारा. मी सगळं सांगितलं. पदर कसे रचायचे, टाका कसा घालायचा, रंग कशाचा. त्यांतली मुलगी भराभर लिहून घेत होती. अजूनही तुमची आठवण निघाली की मी आधी बोलीकडे कान देते. तुम्ही मालवणीत बोलत असलात तर बरं. घरात शुद्ध बोलायला लागलात की आम्ही भिंतीला लागायचो, कारण पाठोपाठ हात यायचा.

स्वातंत्र्य मिळून नऊ-दहा वर्षं झाली असतील. शिवजयंतीला किल्ल्यासमोरच्या वाळूत मावळ्यांची लढाई करायची टूम तुमचीच. पहिल्या वर्षी दादा मावळा झाला. त्याच्या अंगावरचा चकाकता सॅटिनचा अंगरखा पाहिलात आणि तुमचं डोकं फिरलं. घरी आल्यावर तो तुम्ही त्याच्या अंगावरूनच टराटरा फाडलात, न्हाणीच्या चुलीत कोंबलात आणि त्याच्या कानाखाली ठेवून दिलीत. "मावळे काय सॅटिन घालून लढत होते? मी वर्गात काय शिकवतो मग?" दादा तेव्हा कचेरीत कारकून होता, मिशी फुटलेला माणूस. त्याने नुसता गाल चोळला. आम्ही सगळेच तुमच्यापुढे गप्प राहण्यात पटाईत होतो.

मग वर्षभर घरात दुसरा विषय नाही. आईची जुनी लुगडी, तुमची धोतरं, सगळं एकावर एक रचून जाळ्याच्या दोऱ्याने शिवायचं. "सगळी लुगडी कापल्यात तर माका नेसूक काय रवतला?" असं आई एकदाच म्हणाली. तुम्ही कात्री भिंतीवर फेकून मारलीत, तिच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर. रंगासाठी आपण रापणकारांकडे गेलो, जाळी टिकावीत म्हणून ते ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळतात ना, त्याच काहिलीत डगला बुडवला. तांबूस, कडक, उग्र वासाचा होऊन तो बाहेर आला. मागीलदारी केळीच्या खांबाला तो घालायचा आणि लोहाराकडून धार लावून आणलेल्या तलवारीने तुम्ही त्यावर वार करायचे. खांबाला चीर पडली की टाके सैल घातले म्हणून दादाला मार, आणि पुन्हा नवे पदर. एका सकाळी मात्र तुम्ही घामाघूम होईपर्यंत वार केलेत आणि खांब तसाच उभा. तुम्ही खदखदून हसलात. "बघलंस गो चेडवा? एक टाको तुटूक नाय!" त्या दिवशी तुम्ही मला फार आवडला होतात, हेही लिहायला हवं.

आपली चूक अगदी घरातली होती, अण्णा. भिजलेली गोधडी व्हाळाच्या पाण्यातून उचलायला दोन बायका लागतात. दरवर्षी मी आणि आई त्या पिळायचो. डगला म्हणजे अंगावर शिवलेली गोधडीच, आणि मावळे होडीतून उतरून पाण्यातून येणार हे तुम्हीच ठरवलं होतं. तरी घरातल्या कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या वर्षीची शिवजयंती. डगला घातलेला दादा होडीतून उडी मारतो. पाणी जेमतेम कमरेइतकं. दोन पावलं येतो, मागून लाट येते आणि तो तोंडावर पडतो. उठत नाही. लोकांना वाटतं, मावळा पडला. टाळ्या वाजतात. तुम्ही खानाच्या वेशात किनाऱ्यावर उभे, तरातरा पाण्यात शिरता आणि त्याच्या बरगडीत लाथ घालता. "ऊठ! मावळा असा पडतो का?" पुन्हा लाथ. टाळ्या आणखी वाढतात. मग होडीवरचा तांडेल ओरडतो, "मास्तरांनु, झील बुडता हा तुमचो!"

तुम्ही त्याला ओढून वाळूत आणलंत. तोंड काळंनिळं, छाती हलत नाही. डगल्याचे बंद भिजून आवळलेले, सुटेनात. तुम्ही तलवारीने कापायला लागलात आणि कापेना. वर्षभर खपून आपण जे केलं होतं ते तलवारीला दाद देत नव्हतं. तुम्ही दातांनी टाके ओढत होतात, हिरड्यांतून रक्त येत होतं. "झिला, श्वास घे रे! माज्या झिला!" शेवटी काखेतून पातं आत सारलंत आणि जीव खाऊन वर ओढलंत. डगला फाटला, खांदाही फाटला. रक्ताची चिळकांडी माझ्या परकरावर आली आणि दादा किंचाळला. ती किंचाळी ऐकून मी रडायला लागले, आनंदाने.

दादा जगला. उजवा हात मात्र खांद्याच्या वर पुन्हा गेला नाही. जेवताना तो हात तोंडाकडे नेत नाही, मान ताटाकडे आणतो. तुम्ही त्यानंतर घरात कधी शुद्ध बोलला नाहीत, कुणावर हात उगारला नाहीत. आईच्या जेवणाला नावं ठेवणंही सोडलंत. संध्याकाळी ओटीवर बसून दादाच्या खांद्याला तेल चोळायचात. दादा अजूनही म्हणतो, अण्णांनी मला वाचवलं. मी वाद घालत नाही.

तुम्ही गेलात, आता हे पत्र पाठवायचं कुठे, आणि दादाच्या हाती तर पडायलाच नको. त्याचा हात गेला तेव्हा आपल्या घरातला मार थांबला. त्यानंतरची ती वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यांत सुखाची होती, अण्णा. त्याचा हात परत मिळावा म्हणून आई रोज देवापुढे दिवा लावायची, शेजारी मीही हात जोडून उभी असायचे. मी तसं मागणं एकदाही मागितलं नाही.