पोर्तुगीज गेले, असं मी शिकवत असे

रीडिंग (इंग्लंड), ८ मार्च

ती. मोहनदादांना धाकट्या ज्ञानूचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे तूर्त तो कागदावरच.) तुमचा खोकला कसा आहे? वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, हे ऐकून जीव भांड्यात पडला. इकडे सगळे खुशाल. अपूर्व आणि सूनबाई आपापल्या लॅपटॉपसमोर सुखी आहेत. उन्हाचं म्हणाल तर ते मंगळवारी येऊन गेलं.

सांगलीहून निघताना मी तुम्हाला छातीठोकपणे सांगितलं होतं, की तुमच्या पंचाहत्तरीला अपूर्वची सिया व्हिडिओवर मराठीतून बोलेल, नाहीतर मी इतिहासाचा मास्तर नव्हे. त्याबाबत थोडं कळवायचं आहे. पोरीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत. म्हणून आल्या आल्या मी नियम केला: घरात इंग्रजी बोललं की वहिनींचा डिंकाचा लाडू बंद. सहा वर्षांच्या पोरीने नियम तंतोतंत पाळला. त्या दिवसापासून माझ्याशी इंग्रजीचा एक शब्द नाही. ती पोर्तुगीज बोलते. आईबाप कामावर, त्यामुळे वर्षाची असल्यापासून ती दुपारी ल्युसियाबाईंकडे असते, आणि या बाई पडल्या ब्राझीलच्या. लाडू मात्र रोज घेते, कारण नियमात पोर्तुगीजचा उल्लेख नव्हता. (नियम करताना मी घाई केली.)

दादा, पोर्तुगीज हिंदुस्थानात सगळ्यांच्या आधी आले आणि सगळ्यांच्या शेवटी गेले, असं मी पस्तीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो. त्यातला 'गेले' हा शब्द मी मागे घेतो. इथला माझा न्हावी मोझांबिकचा, पार्सलं आणणारा पूर्व तिमोरचा, कोपऱ्यावरच्या बेकरीत मदेरा बेटावरचं जोडपं, आणि ही मंडळी पहिल्यांदा भेटली तरी सख्ख्या मावसभावांसारखी पोर्तुगीजमध्ये गप्पा मारतात. (मी मधे पाव घेऊन उभा.) एवढ्याशा देशाने गलबतं हाकत जगभर भाषा पेरली, ती शेवटी आमच्याच स्वयंपाकघरात उगवायची होती!

मग खालच्या मजल्यावरच्या फर्नांडिसबाईंना (मूळच्या म्हापशाच्या, पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या) चहाला बोलावून दुभाषी केलं. सिया पोर्तुगीजमध्ये बोलणार, बाई मला कोकणीत सांगणार, मी मराठीत उत्तर देणार. नात हाताच्या अंतरावर, पण तिचं बोलणं गोव्यावरून फिरून यायचं. चौथ्या दिवशी बाई जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "मास्तर, सिया विचारता, आजोबा खेळपाक आयला काय परीक्षा घेवपाक?"

खेळायला आलो की परीक्षा घ्यायला, हे मला फार लागलं. तीन आठवड्यांत मी त्या पोरीला एकही लाडू नुसता म्हणून दिला नव्हता.

तेव्हा नियम रद्द केला आहे. घरात शांतता आहे, काळजी नसावी. वहिनींना नमस्कार.

आपला,
ज्ञानू

ता. क. पंचाहत्तरीला मला येता येणार नाही. इथल्या लायब्ररीत दर शनिवारी मोठ्या माणसांसाठी पोर्तुगीजचा वर्ग असतो, त्याची पहिली परीक्षा नेमकी त्याच दिवशी आली आहे. रागावू नका. तारीख बदलून मागितली, मिळाली नाही. (तुमच्या वाढदिवसाची बदलता येत असेल तर कळवा.)

ता. क. दुसरा. माझा अभ्यास सिया घेते. नियम तिचा: मी चुकलो की माझा लाडू तिचा. पण पोर्तुगीजमध्ये रागावलेलं मला कळत नाही, मग ती मराठीत रागावते. काल म्हणाली, "आजोबा, तू परत चुकली! किती वेळा सांगायचं तुला?" दादा, हे मी शिकवलेलं नाही. डबा रिकामा होत आला आहे. कुणी इकडे येणारं असेल तर वहिनींना सांगून दोन डबे पाठवा. मला अजून पुष्कळ चुकायचं आहे.